वकीलसाहेबांच्या लॉनमधली हुमणी

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं बरं वाटतं. मी हो म्हणालो. गमती माझ्याकडे आहेत. त्यातल्या एक-दोन आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात गंमत नाही, आणि ते सांगायचं नसतं तर मी लिहायला बसलोच नसतो.

सोलापुरात सव्वीस वर्षं मी बंगल्यांच्या लॉनमधली कीड मारली. त्याआधी मंगळवेढ्यात शेती-औषधांच्या दुकानात काउंटरवर होतो. सोलापुरात आलो, घरातली झुरळं आणि वाळवी मारायचं लायसन्स काढलं. पुढं विजापूर रोड, होटगी रोडला बंगले उठले, बंगल्यांपुढं हिरवळ आली, हिरवळीमागून किडे आले आणि किड्यांमागून मी गेलो. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, तिथं लॉन कशाला लावता, हे मी एकाही गिऱ्हाइकाला विचारलं नाही. माझी चूल त्यावरच पेटत होती.

काम बाहेरून दिसतं तेवढं अवघड नाही. गवत पिवळं पडलं की मालक घाबरतो आणि फोन करतो. आपण जाऊन आधी बसायचं. उभ्यानं लॉन कळत नाही. पिवळा भाग दोन्ही हातांनी धरून ओढायचा. सतरंजीसारखा गुंडाळून हातात आला तर खाली मुळंच उरलेली नाहीत. तो उद्योग हुमणीचा. हुमणी म्हणजे पांढरी, जाडजूड, अर्ध्या चंद्रासारखी वळलेली अळी, डोकं तपकिरी. मातीत राहते आणि मुळं खाते. गवत वरून कुरतडलेलं असेल तर बादलीभर पाण्यात थोडा भांड्यांचा साबण कालवून तिथं ओतायचं. दहा मिनिटांत पानं खाणाऱ्या अळ्या कासावीस होऊन वर येतात. दोन्हींतलं काहीच निघालं नाही, तर दोष किड्याचा नाही, माणसाचा. एक तर पाणी जास्त किंवा पाणी कमी. बहुतेक ठिकाणी हेच असायचं. मी ते सांगायचो आणि मालकाचा चेहरा पडायचा. त्याला शत्रू हवा असे. मग मीही काहीतरी फवारून यायचो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

एक निवृत्त प्राध्यापक होते. पाऊस झाला की त्यांच्या लॉनवर गांडुळं निघायची आणि ते मला फोन करायचे. मी समजावलं की सर, ही कीड नाही, ही तुमची माती भुसभुशीत ठेवतात, ती तुमचे मित्र आहेत. त्यावर ते म्हणाले, मित्र असतील तर शेजाऱ्यांकडे राहू देत. दुसऱ्या एका बाईंच्या लॉनवर दर आठवड्याला गोल पिवळे डाग पडायचे. मी एक सकाळभर गच्चीवर बसून पाळत ठेवली. डाग पाडणारा त्यांचाच लाडका कुत्रा निघाला. हे सांगितल्यावर त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. पुढं दुसऱ्या माणसानं येऊन तिथं वर्षभर औषध मारलं असं कानावर आलं.

गमती एवढ्या पुरे.

वकीलसाहेबांचा बंगला माझ्या पहिल्या काही गिऱ्हाइकांपैकी. साहेब मोठे वकील, आवाज कधी न चढवणारे. घरात आईशी कानडीत बोलायचे, बाहेर सगळ्यांशी अहो-जाहो. कुंभारीला माझी थोडी जागा आहे. तिच्या हद्दीवरून चुलत्यांशी भांडण होतं, ते त्यांनी दोन बैठकांत मिटवून दिलं होतं. त्यांचं लॉन सोलापुरात दुसरं पाहायला मिळणार नाही असं होतं, आणि त्याचं श्रेय माझं नाही, मल्लेशमचं.

मल्लेशम त्यांचा माळी. तेलुगू माणूस, शहराच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतला. वीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले, कारखाना बंद पडला, आणि वयाच्या पंचेचाळिशीत त्यानं खुरपं हातात धरलं. त्याची बोटं विणकराची होती. तुटलेला धागा शोधावा तसा तो गवतातून तण शोधायचा, बैठक मारून, अनवाणी, उघड्या हातांनी. मी हातमोजे दिले होते. ते त्यानं घडी करून शेडमध्ये ठेवले होते. मोजे घातल्यावर मुळाची ओढ कळत नाही म्हणायचा. हुमणी सापडली की तो ती पत्र्याच्या डब्यात ठेवायचा आणि मी गेलो की दाखवायचा. आम्ही दोघं मिळून मोजायचो. फूटभर जागेत दोन-चार असतील तर औषधाची गरज नसते. निंबोळी पेंड घालायची, बाकीचं काम साळुंक्या करतात. त्या लॉनवर तीन-चार वर्षं मी विषाचा एक दाणा टाकला नव्हता. माझ्या धंद्यात अभिमान वाटावा असं काम ते एकच.

त्या वर्षी साहेबांच्या मुलीचा साखरपुडा ठरला, लॉनवरच. ऑक्टोबरचे दिवस होते. बारा दिवस राहिले असताना साहेबांचा फोन आला, की मधोमध मोठा पट्टा पिवळा पडलाय. गेलो. पट्टा ओढला तर हातात आला. खुरप्यानं चौकोन कापून पाहिलं, फुटात अकरा अळ्या. मल्लेशम तिथं नव्हता. तेलंगणात नात्यातल्या लग्नाला गेला होता, तीन दिवसांनी येणार होता.

मी साहेबांना म्हणालो, एक हिरवी बुरशी मिळते, ती अळीला रोग लावते, माणसाला काही करत नाही. पण तिला तीन-चार आठवडे लागतात. तोवर पट्टा काढून तिथं नवं गवत लावू.

साहेब म्हणाले, "कदम, माझ्याकडे बारा दिवस आहेत. खात्रीचं काय आहे ते सांगा."

खात्रीचं होतं. फोरेट नावाचं दाणेदार विष. आता त्यावर बंदी आहे. तेव्हा दुकानात सहज मिळायचं. उसाच्या, ज्वारीच्या रानात वापरायचं औषध ते, घरापुढच्या अंगणात वापरायचं नव्हे. एवढं मला मंगळवेढ्याच्या काउंटरवर असल्यापासून ठाऊक होतं. तरी मी हो म्हणालो. एक तर साहेबांना नाही म्हणायची मला सवय नव्हती. दुसरं, ते खात्रीचं म्हणाले होते, आणि माझ्या हातून खात्रीचं काम व्हावं अशी मलाही हौस होती. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या दुप्पट दाणे मी त्या लॉनमध्ये टाकले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

टाकून झाल्यावर भरपूर पाणी दिलं. साहेबांना आणि त्यांच्या पत्नीला, वहिनींना, उभं करून सांगितलं की आठवडाभर यावर कुणी पाय ठेवायचा नाही, मातीत हात घालायचा नाही. साहेब बरं म्हणाले. वहिनी फोनवर होत्या, त्यांनी मान हलवली. मल्लेशमला निरोप द्यायला हवा, हे माझ्या मनात आलं होतं. त्याचं घर माझ्या परतीच्या वाटेवरून फार तर दहा मिनिटं आत. त्याच्या बायकोला, सत्तव्वाला, सांगून ठेवलं असतं तरी भागलं असतं. पण दुपार झाली होती, भूक लागली होती, आणि साहेब सांगतीलच असं मी स्वतःला सांगितलं. थेट घरी जाऊन जेवलो.

चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला वहिनींचा फोन आला. लॉनचा वास अजून जात नाही, पाहुण्यांपुढं कसं करायचं, असं विचारत होत्या. मी म्हणालो, रोज पाणी द्या, आठ दिवसांत जाईल. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या की आज मल्लेशमही आजारी पडला. सकाळपासून कडेचं तण काढत होता, दुपारी ऊन लागलं, उलट्या झाल्या. झाडाखाली निजवलं, लिंबूपाणी दिलं, शेवटी ड्रायव्हरबरोबर सिव्हिलला पाठवलं.

मी विचारलं, तण कुठलं काढत होता. त्या म्हणाल्या, लॉनचंच, पाहुणे यायचेत ना.

सिव्हिलला पोहोचलो तेव्हा मल्लेशम कॉटवर होता, सलाइन लावलेलं. केसपेपरवर ऊन लागल्याचं लिहिलं होतं. कॉटशेजारी सत्तव्वा, विड्या वळता वळता उठून आलेली, बोटांना तंबाखू तशीच. तिनं सांगितलं की ड्रायव्हरनं तिला घरून आणलं आणि तो लगेच परत गेला. मी मल्लेशमकडे पाहिलं. ऊन लागलेल्या माणसाची कातडी कोरडी तापते. हा घामानं भिजला होता, तोंडातून लाळ गळत होती, दंडाचं मांस आपोआप फडफडत होतं. मी त्याची पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. उघड्या हातांनी पाच तास त्या ओल्या मातीत बसला होता, आणि मध्ये त्याच हातांवर तंबाखू मळून तोंडात टाकली होती.

मी डॉक्टरीणबाईंना शोधून काढलं. वयानं माझ्या मुलीएवढ्या असतील. त्यांना औषधाचं नाव सांगितलं, किती दिवसांपूर्वी टाकलं ते सांगितलं. त्यांनी एक प्रश्न जास्त विचारला नाही. नर्सला हाक मारली, त्याचे कपडे काढून अंग साबणानं धुवायला लावलं, आणि इंजेक्शनं सुरू केली. तासाभरानं त्याला नळी घालून आत नेलं. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "तुम्ही आला नसता तर आम्ही रात्रभर उन्हाचेच उपचार केले असते. सकाळी काही उरलं नसतं."

ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती चारचौघांत सांगत फिरलो असतो.

विषाची केस असली की दवाखान्यातल्या पोलीस चौकीत नोंद होते. हवालदार लिहायला बसले तेव्हा वकीलसाहेब आले. मला बाजूला घेऊन गेले. मल्लेशमची चौकशी केली, सगळा खर्च लागेल तो आपण बघू म्हणाले, डोळ्यांत खरंच पाणी होतं. मग म्हणाले की कदम, अंगणात ते औषध वापरायची परवानगी तुमच्या लायसन्सवर नाही, मी बघितलंय. तुमचं लायसन्स जाईलच, कदाचित आतही जावं लागेल. माझ्या मुलीचं लग्न मोडेल. आणि यातल्या कशानंही मल्लेशम लवकर बरा होणार नाही.

त्यांनी जबाब तोंडी सांगितला, हवालदारांनी लिहिला. मी टाकलं ते साधं औषध. शेतावरच्या दुसऱ्या कामातलं शिल्लक फोरेट माझ्या चुकीनं शेडमध्ये राहिलं. माळ्यानं ते कुणाला न विचारता घेतलं आणि स्वतःच्या मनानं लॉनमध्ये टाकलं. असा तो जबाब. डॉक्टरीणबाईंना मी खरं सांगून आलो होतो, आणि त्यांच्यापासून वीस पावलांवर बसून मी या कागदावर सही केली. मल्लेशमच्या तोंडात नळी होती. त्याला कुणी काही विचारू शकत नव्हतं.

साखरपुड्याच्या दोन दिवस आधी वहिनींनी लॉन बघायला बोलावलं. पिवळ्या पट्ट्यावर नवं गवत बसवलं होतं, जोड कुठं आहे ते दिसत नव्हतं. मी चौकोन कापून पाहिला. हुमणी एकही जिवंत नव्हती. गांडूळही नव्हतं. मातीत काहीच हलत नव्हतं. मेंदीच्या कुंपणाखाली सहा साळुंक्या मरून पडल्या होत्या. त्या मी पिशवीत भरल्या आणि जाताना घेऊन गेलो. समारंभ छान झाला म्हणतात. मला आमंत्रण होतं, गेलो नाही.

मल्लेशम अठरा दिवसांनी घरी आला. वकीलसाहेबांनी शब्द पाळला, औषधपाण्याचं सगळं बघितलं. मात्र त्याच्या जागी दुसरा माळी आला होता. महिन्याभरानं मी धीर करून त्याच्या घरी गेलो. एका खोलीचं घर, दारात सत्तव्वा सुपात तंबाखू घेऊन बसलेली. मल्लेशम भिंतीला टेकून बसला होता, निम्मा झालेला. चहाचा कप त्याला दोन्ही हातांनी धरावा लागत होता आणि तरी सांडत होता.

मी माफी मागायला लागलो तर त्यानं थांबवलं. म्हणाला, विष पोटात गेलं त्याचं काय करणार, तुमी तरी मुद्दाम थोडंच दिलं. मग कप खाली ठेवला. नंतर म्हणाला, "पोलिसांनी कागद वाचून दाखवला मला. मी न विचारता शेडमदलं औषद घेतलं म्हणून लिवलंय. कदमभाऊ, वीस वर्षं मागावर होतो, एक टॉवेल घरी आणला न्हाय. आता मला कोन बागेत घेतंय?"

ते खरंच होतं. बंगल्यावाल्यांत अशा बातम्या लवकर पसरतात. दोन घरी तो विचारायला गेला होता. एका ठिकाणी त्याला गेटवरूनच परत पाठवलं, दुसऱ्या बाई म्हणाल्या, तूच ना तो औषध चोरणारा.

तिथून उठून मी सरळ वकीलसाहेबांच्या ऑफिसात गेलो आणि म्हणालो, मला जबाब बदलायचा आहे. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, आणि खोटा जबाब दिल्याबद्दल काय काय होऊ शकतं ते शांतपणे समजावून सांगितलं. एकदाही धमकावलं नाही. मी चहा पिऊन घरी आलो. मल्लेशमला मी सांगून आलो होतो की बदलतो. त्यानं वाट पाहिली असेल. मी पुढची सहा वर्षं त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

धंदा चालूच होता. मात्र दाणेदार औषधाला मी पुन्हा हात लावला नाही. गिऱ्हाइकांना बुरशी सांगायचो, निंबोळी पेंड सांगायचो, थांबायला सांगायचो. थांबणारी थोडीच होती. बाकीची दुसऱ्याकडे गेली. अलीकडं तर बरेच जण प्लॅस्टिकचं गवत अंथरतात; त्याला कीड लागत नाही आणि पाणीही लागत नाही. गेल्या वर्षी मी लायसन्स परत करून टाकलं. म्हणजे आता माझं जाण्यासारखं काही राहिलेलं नाही, आणि नेमकी आत्ताच मला खरं लिहायची बुद्धी झाली. याला कुणी धाडस म्हणू नये.

हे लिहून झाल्यावर संपादकांना द्यायच्या आधी मी मल्लेशमकडे घेऊन गेलो. तो आता एका टॉवेल कारखान्याच्या गेटवर बसतो, हात अजून स्थिर नाही म्हणून गाड्यांचे नंबर लिहायला त्याला दुसरा माणूस लागतो. रविवार होता म्हणून घरी होता. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तो तेलुगू शाळेत शिकला. मी वाचून दाखवलं. आधी मी त्याचं नाव बदललं होतं. ते ऐकल्यावर तो म्हणाला, खरं नाव घाला, न्हायतर कुणाला कसं कळनार मी चोरलं न्हाय म्हणून. मी तिथंच खोडून खरं घातलं.

दुप्पट मापाचं वाक्य वाचून मी थांबलो. त्यानं स्वतःचे हात उलटे-सुलटे करून पाहिले आणि पुढं वाचा म्हणाला. मी शेवटपर्यंत वाचलं.

सत्तव्वा विड्या वळत ऐकत होती. तिनं धागा गुंडाळून विडी खाली ठेवली आणि विचारलं, "ह्ये पुस्तक त्या बंगल्यावाल्यांच्या घरात जातंय का?"

मी म्हणालो, जातं.

"ह्यांचं नाव घातलंय. माजं हाय, तुमचं हाय," ती म्हणाली. "वकिलाचं कुटं हाय?"

मी तिला म्हणालो की तसं छापता येत नाही, संपादक घेणार नाहीत, कायद्याचं असतं. तिनं पुढची विडी घेतली. मी कागद आवरले, पायात चपला घातल्या आणि निघालो. संपादकांना मी विचारलेलंच नाही.